बदामाचे पान, सुईदोऱ्याने

भरतकामाच्या नमुन्यांत पानगळ म्हटली की मेपलचे टोकदार पान ठरलेले. अंधेरी-मुलुंडकडे ते झाड नाही. उपनगरांतली पानगळ पौष-माघात सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाखाली सुरू होते. लालभडक पाने स्कूटरच्या सीटवर पडून राहतात आणि झाडलोटीचे काम वाढते.

शिकाऊ हाताला हे पान सोयीचे. मेपलच्या प्रत्येक टोकाशी टाक्याची दिशा बदलते. बदामाला एकच ठळक मध्यशीर, शेंड्याकडे रुंद आणि देठाकडे निमुळते अंग. पान पिकताना हिरवेपणा ओसरतो आणि अँथोसायनिन या रंगद्रव्याने ते तांबडे होते, पण सगळीकडे एकदम नव्हे. शिरांच्या कडेला पिवळट हिरवी रेघ रेंगाळते, मधल्या जागा आधी रंगतात. म्हणून पान समोर ठेवूनच दोरे निवडावेत, आणि तेही लवकर, कारण पडलेले पान बघता बघता तपकिरी होते.

साहित्य मॅचिंग सेंटरात मिळते: केसमेंटचा तुकडा, लाकडी रिंग, अँकरच्या लड्या. लडीत ८ मीटर धागा, तो ६ तारांचा. भरायला दोन तारा पुरतात. त्या एकेक करून ओढाव्यात, जोडीने ओढल्या की गुंता ठरलेला. धागा हातभरच घ्यावा, लांब धाग्याला लव सुटते. पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवू नये. गंजाचा डाग निघता निघत नाही. आकृतीसाठी चित्रकला यायला हवी असे नाही. झेरॉक्सच्या काचेवर पान उपडे ठेवून लहान प्रत काढावी, म्हणजे वीतभर पान रिंगेत मावते. मग कार्बन पेपरवरून ते कापडावर गिरवावे.

हात बसायला मात्र पहिले पान सागाचे घ्यावे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळा सरताना अळ्या सागाच्या पानांतला गर खातात आणि शिरांची जाळी तेवढी उरते. इथे भराव नाहीच, नुसत्या रेघा. मध्यशीर दोन तारांनी, उपशिरा एका तारेने, सगळे उलट्या टिपेत: सुई एक टाका पुढे काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकात घालायची. वळणावर टाके आखूड ठेवले की रेघ मोडत नाही. या पानात चूक झाली तरी अळीच्या नावावर खपते.

बदामाला फिशबोन टाका. शेंड्यापासून मध्यशिरेवर एक छोटा सरळ टाका घ्यावा. मग डाव्या कडेवर सुई वर काढून, त्या टाक्याच्या पायथ्याशी, मध्यरेषा किंचित ओलांडून खाली घालावी. पुढचा टाका उजव्या कडेवरून तसाच, उलट बाजूने. टाके एकमेकांवर जरा चढले की मध्यशीर आपोआप उमटते, वेगळी काढावी लागत नाही. सुरुवातीला बहुतेकांचे टाके हळूहळू आडवे होत जातात आणि पान चपटे दिसते. त्यावर उपाय म्हणजे तिरप्या रेघा आधीच पेन्सिलीने आखणे.

खरी मजा रंगात आहे. लाल दोरा संपवून नारिंगी सुरू केला तर पानावर पट्टा दिसतो. त्याऐवजी एकाच सुईत एक तार लाल आणि एक नारिंगी ओवावी, चार-पाच टाके तसे घ्यावेत, मग पूर्ण नारिंगीवर जावे. देठाकडे पिवळट हिरवी तार याच रीतीने मिसळते. किडीचे भोक असेल तर ती जागा कोरी ठेवून कडेने तपकिरी काज टाका घ्यावा. निर्दोष पान भरणे सोपे, पण ते पडलेले वाटत नाही.

चैत्राच्या आसपास पिंपळ आणि कुसुमावरही तांबूस पाने दिसतात, पण ती कोवळी पालवी. तिला चकाकी असते, म्हणून ती एकाच रंगात, साटीन टाक्याने, कड अगदी साफ ठेवून भरावी. दोन्ही लाल शेजारी भरून पाहिले की फरक लगेच कळतो.

शेवटी धुणे. गडद लाल दोरा रंग सोडू शकतो, तेव्हा त्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून पाहावा. कापड थंड पाण्यात हलके खळबळून सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असताना टॉवेलवर उपडे घालून मागच्या बाजूने इस्त्री फिरवावी, म्हणजे टाके दबत नाहीत.