एफ ९ कुणाची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून भर दुपारी फोन आला. मागे ट्रकांचे हॉर्न, आणि काट्यावरचा ऑपरेटर ओरडून सांगतोय, ‘‘साहेब, टॅलीत खरेदीचं व्हाउचर उघडतच नाही. एफ ९ दाबून दाबून बोट दुखलं.’’ मी म्हटलं, टॅलीवाल्याला विचार, माझं सॉफ्टवेअर वजनकाट्याचं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, चोर मीच.

झालं होतं असं. काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलमधून कॉम्प्युटरला वजन पाठवतो. आकडा हलायचा थांबला की ऑपरेटरने तो टिपायचा. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की सळईचं निव्वळ वजन मिळतं. पण त्याच कॉम्प्युटरवर टॅली उघडी असते, ब्राउझरमध्ये ई-वे बिल अर्धवट भरलेलं असतं, आणि काट्यावर चढलेल्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीत वाकून बघत असतो. दर गाडीला सगळं बाजूला सारून माझ्या प्रोग्रामकडे यायचं, तर माणूस वैतागणारच. म्हणून मी शक्कल लढवली: समोर काहीही उघडं असो, एफ ९ दाबलं की वजन टिपलं जाईल. ते बटण बदलायची सोय सेटिंगमध्ये होती, पण कुणाला सांगितली नव्हती. आणि टॅलीत एफ ९ म्हणजे खरेदी. तो बिचारा खरेदी उघडायला बटण दाबत होता आणि माझा प्रोग्राम मागच्या मागे रिकाम्या काट्याची वजनं नोंदवत होता. त्या दिवसाच्या नोंदीत एकाखाली एक शून्य किलो.

विंडोजमध्ये हा कारभार एसटीतल्या रुमालासारखा चालतो. पनवेल स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आधी ज्याचा रुमाल पडेल, सीट त्याची. रजिस्टर-हॉट-की नावाचं एक फंक्शन आहे. प्रोग्रामने त्यातून एखादं बटण मागितलं आणि ते मोकळं असलं, की मिळालं. दुसरा कुणी तेच मागायला आला तर त्याला १४०९ क्रमांकाची एरर मिळते. ती प्रोग्रामला मिळते, माणसाला नव्हे. बरेच प्रोग्राम ती गिळून गप्प बसतात. टॅलीच्या वाट्याला तर तीही येत नाही, कारण टॅली रुमाल टाकतच नाही. समोर उघडी असताना आपल्याकडे येणारी बटणं ती वाचते. माझ्या रुमालामुळे एफ ९ तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आणि कुठल्या बटणावर कुणाचा रुमाल आहे याची यादी दाखवणारी सोय विंडोजमध्ये नाही. एकेक प्रोग्राम बंद करून चोर शोधायचा.

आपल्या प्रोग्रामच्या खिडकीत कुठल्याही बटणाला काहीही करायला लावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टॅलीत कंट्रोल-ए म्हणजे व्हाउचर सेव्ह, बाकी जगात ‘सगळं निवडा’. बाजारातली बोटं दोन्ही विनातक्रार लक्षात ठेवतात. भांडण सगळ्यांच्या सामाईक कीबोर्डवर हक्क सांगितल्यावर सुरू होतं.

रुपयाच्या चिन्हाचंच घ्या. पवईच्या आयआयटीतल्या उदय कुमार यांनी रेखाटलेलं ₹ सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड निवडला असेल तर उजवं आल्ट आणि ४ दाबलं की ते उमटतं. पण अशा कीबोर्डवर उजवं आल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल आणि आल्ट एकत्र. तेव्हा एखाद्या स्क्रीनशॉटवाल्याने कंट्रोल-आल्ट-४ आपल्या नावावर करून ठेवलं, की कोटेशनमध्ये रुपया उमटणार नाही, पडद्याचा फोटो निघेल. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर ही जोडी रिकामी होती, एवढाच त्याचा पुरावा.

याचा विनोदी अवतारही मी पाहिलाय. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पोराने मॉनिटर उलटा करून वायरने बांधला होता. ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरने कंट्रोल-आल्ट आणि खालचा बाण घेऊन ठेवलेला, चुकून दाबला गेला आणि पडदा खाली डोकं वर पाय. परत सरळ करायला वरचा बाण लागतो, हे त्याला कोण सांगणार?

मग सगळेच शॉर्टकट सुरुवातीला बंद ठेवावेत का? अनेक जाणकार असंच म्हणतात. मी तिथे अडखळतो तो एनव्हीडीएमुळे. अंधांना पडदा वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्राम कंट्रोल-आल्ट-एन या बटणांनी सुरू होतो. (याच कंट्रोल-आल्टच्या जोडीवर मी आत्ता तोंडसुख घेतलं, ठाऊक आहे.) ज्याला माऊसचा बाण दिसत नाही त्याला ‘आधी सेटिंगमध्ये जाऊन बटण निवडा’ म्हणणं म्हणजे कुलपाची किल्ली घराच्या आत ठेवणं. तिथे बटण आधीपासून हवंच, आणि एनव्हीडीए इन्स्टॉल करताना त्याबद्दल विचारतोही. मराठी-इंग्रजी बदलणाऱ्या टायपिंगच्या प्रोग्रामचंही तसंच. ते बटण हेच त्याचं काम. अडचण अशी की आपला प्रोग्राम याच गटातला, असं प्रत्येक प्रोग्रामरला वाटतं. मलाही वाटत होतं.

बाहेर यावर बरे तोडगे निघालेत. क्रोमचं एक्स्टेन्शन सगळीकडे चालणारं बटण सुचवू शकतं ते फक्त कंट्रोल-शिफ्ट आणि ० ते ९ एवढ्यातलंच. बाकी काय हवं ते वापरणाऱ्याने ठरवावं. लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी केडीईने २०२३ मध्ये आणि ग्नोमने २०२५ मध्ये अशी सोय आणली की प्रोग्रामने बटणासाठी अर्ज करायचा आणि होकार माणसाने द्यायचा. विंडोजवर अजून रुमालच.

मी एफ ९ सोडलं. आता प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की विचारतो, ‘वजन टिपायला कोणतं बटण हवं? दाबून दाखवा.’ ते आधीच कुणी घेतलेलं असेल तर तिथल्या तिथे सांगतो, आणि टॅलीच्या कामाचं असेल तर टोकतो. त्या फोनवाल्या ऑपरेटरने पॉज निवडलं, कोपऱ्यातलं, आयुष्यात कधी न दाबलेलं. त्यावर लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. बाकी कीबोर्डवरची अक्षरं लोखंडाच्या धुळीने आणि बोटांनी पुसली गेलीत, पॉज लांबून दिसतं.

पलीकडच्या गाळ्यात मात्र कुणीतरी घाईत ‘नंतर’वर क्लिक केलं. ते नंतर अजून आलेलं नाही. तिथला पोरगा दर गाडीला आल्ट-टॅब मारत माझ्या प्रोग्रामकडे येतो, माऊसने वजन टिपतो आणि परत जातो. मी दोनदा बसवून द्यायला गेलो, दोन्ही वेळा काट्यावर गाडी होती. त्यांचे शेठ भेटले की ऐकवतात, ‘‘तुमचं आधीचंच बरं होतं हो. काही विचारायचं नाही.’’