एका एन्झाइमचे दोन तास

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम विद्यार्थ्याला दोनदा भेटतं. बायोकेमिस्ट्रीच्या तासाला ते ‘एन्झाइम इनहिबिशन’च्या उदाहरणांत एका ओळीपुरतं येतं आणि फिजिऑलॉजीच्या तासाला चेतातंतू-स्नायूच्या सांध्याच्या आकृतीत एका बाणापुरतं. दोन्हीकडे ते पाठ होतं, दोन्हीकडे अर्धंच कळतं. हे अर्धवटपण नाशिकमध्ये मला जास्त खटकतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली इथे आलं, आणि ज्या दिंडोरी रस्त्यावर ते आहे तो पुढे द्राक्षपट्ट्यातच शिरतो. जिथे फवारणी हे शेतीचं नित्याचं काम आहे, तिथल्या डॉक्टरला ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधा नुसती ओळखता येऊन भागत नाही, ती समजावी लागते. त्यासाठी दोन्ही विषय एकाच वेळी डोक्यात हवेत.

जरा जवळून पाहू. चेतातंतूचा संदेश पुढे नेणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन, आणि ते तोडणं हे या एन्झाइमचं काम. अ‍ॅसिटिलकोलिन तुटताना त्याचा अ‍ॅसिटिल गट एन्झाइममधल्या एका सेरीनला चिकटतो आणि पाणी तो निमिषार्धात सोडवतं. म्हणून एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला असे हजारो रेणू तोडतो. विषाचा फॉस्फेट गट नेमक्या त्याच सेरीनवर बसतो, आणि तो सोडवायला पाण्याला तास, कधीकधी दिवसही लागतात. इथवर बायोकेमिस्ट्री. आता न तुटलेलं अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं. मस्कॅरिनिक रिसेप्टरांवर त्याचा परिणाम म्हणजे बारीक झालेल्या बाहुल्या, घाम, लाळ, मंद नाडी, पाण्याने भरत जाणारी छाती. निकोटिनिक रिसेप्टरांवर परिणाम वेगळा: स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात, आणि श्वासपटल हाही स्नायूच आहे. अ‍ॅट्रोपिन पहिल्या प्रकारचे रिसेप्टर अडवतं, दुसऱ्या प्रकारच्यांना हातही लावत नाही. छाती कोरडी झाली म्हणून निर्धास्त होणाऱ्या डॉक्टरचा रुग्ण श्वास थांबून दगावू शकतो, तो याच फरकामुळे.

यावर अनुभवी शिक्षक म्हणतात, पहिल्या वर्षी पाया पक्का करा. उपचारांचं पुढे बघू, त्यासाठी प्रोटोकॉल आहेतच. पण प्रोटोकॉलवरच मतभेद असतील तर? सेरीनवरचा फॉस्फेट उपटून काढणारं औषध म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. त्यात हे औषध मोठ्या मात्रेत ४८ तास सतत दिल्यावर मृत्यू कमी झाले. २००९ साली श्रीलंकेतल्या चाचणीत काही रुग्णांचं एन्झाइम पुन्हा काम करू लागलं, तरीही मृत्यू घटले नाहीत. या दोन निकालांपुढे प्रोटोकॉल पाठ असून काय उपयोग? विष डायमिथाइल होतं की डायइथाइल, हे विचारावं लागतं. पहिल्या प्रकारात चिकटलेला फॉस्फेट काही तासांतच आपला एक गट गमावून कायमचा पक्का होतो आणि मग प्रॅलिडॉक्सिम निरुपयोगी ठरतं. दुसऱ्यात सवड जास्त मिळते. रुग्ण किती वेळाने पोहोचला, हेही विचारावं लागतं. रक्तपेशींतलं एन्झाइम सुधारलं म्हणजे श्वासपटल सावरलं असं होतं का, हा प्रश्न तर एकट्या कुठल्याच विषयाचा नाही. ज्याला पाया म्हणतात तो हाच.

राहिला वेळेचा मुद्दा. वर्ष अपुरं पडतं आणि प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात, हे खरं आहे. २०१९च्या अभ्यासक्रमाने विषय जोडून शिकवायला सांगितलं, पण बऱ्याचदा तास शेजारी-शेजारी लावले की जोडणी झाली असं मानलं जातं. खरं तर दोन शिक्षक एका फळ्यापाशी तासभर उभे राहिले, तर दोन्हीकडची पुनरुक्ती टळून वेळ वाचेल. परीक्षेतही असा एक प्रश्न यावा: अ‍ॅट्रोपिनने छाती साफ झाली, नाडी सुधारली, पण तिसऱ्या दिवशी रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही, सेरीनपासून सुरुवात करून कारण लिहा.