खर्डा, टंक आणि तांबडी रेघ

सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील मराठी लेखनव्यवहार बव्हंशी १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली घडला. अमेरिकी विद्यापीठांत ज्याला ‘लेखनकेंद्र’ म्हणतात, जेथे विद्यार्थी आपला अपुरा खर्डा नेतो आणि कुणी जाणता त्याविषयी त्याच्याशी बोलतो, तशी संस्था या परंपरेत रुजली नाही. तिचे काम काही अंशी महाविद्यालयाजवळच्या डीटीपीच्या दुकानाने केले. प्रबंधाचे हस्तलिखित तेथे जाई. अक्षरजुळणी करणारा ऱ्हस्व-दीर्घ पाही आणि वाक्य लांबले की विचारी, “सर, हे वाक्य कुठं संपवायचं?” लेखनशिक्षणातील मूलभूत प्रश्न तो हाच. परंतु टंक त्या संगणकापुरता असे; फाइल अन्यत्र उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. पुनर्लेखन त्यामुळे खर्चाची बाब ठरे आणि पहिला खर्डाच पुष्कळदा अखेरचा होई.

देवनागरीला १९९१ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पुढे त्याचा वापर वाढला तशी ही अडचण ओसरली. आज विद्यार्थी स्वतः टंकलेखन करतो, बोलूनही मजकूर उमटवतो. पुनर्लेखन सुलभ झाले. विचारणारा माणूस मात्र मधून निघून गेला.

सातारा जिल्ह्यातच या माणसाचे महत्त्व सिद्ध करणारे उदाहरण आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईत आकारलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञाने लिहिलेली नोंदही तेथे संपादकीय संस्कारांतून जाई. जाणत्याचे लेखनही दुसऱ्याच्या दृष्टीखालून गेल्याविना पक्व होत नाही, हा त्यामागील विचार होय. तीच नोंद आता महाजालावर वाचता येते. तिच्यावरील संस्कार मात्र यंत्राने केलेले नाहीत.

विद्यापीठीय व्यवहारात यंत्राला मानाचे स्थान मिळाले ते लेखनाच्या शेवटी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठरवले. साम्य मोजणे म्हणजे लिहायला शिकवणे नव्हे. वस्तुतः तेच यंत्र प्रत्येक खर्डा जपू शकते, समासात शिक्षकाचा प्रश्न आणि विद्यार्थ्याचे उत्तर शेजारी शेजारी ठेवू शकते. त्याला पहारेकरी करायचे की सहाध्यायी, हा निर्णय यंत्राचा नाही.

या निर्णयाची झळ सर्वाधिक लागते ती घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला. माण किंवा आटपाडीकडचा असा विद्यार्थी माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (१९५५) लिहू लागला, की संवादांतील माणदेशी रूपांखाली तांबडी रेघ उमटते, त्याच्या स्वतःच्या वाक्यात नकळत आलेल्या ‘न्हाई’, ‘व्हतं’ यांखालीही तीच रेघ. पहिली लेखकाची शैली, दुसरी परीक्षेतील चूक, आणि तरीही दोन्ही एकाच भूमीची बोली: हा भेद आणि हे नाते यंत्राला कळत नाही. ते उलगडून सांगणारा कुणी शेजारी नसेल, तर विद्यार्थी दोन्ही शब्द पुसतो आणि आपली भाषाच अशुद्ध आहे, एवढेच शिकून बाहेर पडतो.