रेषेपलीकडचा खेळ

मुळशी तालुक्याला वस्ताद नवा नाही. अंगातली रग ओसरली की पैलवान मातीच्या कडेला बसतो आणि पोरांच्या पकडी सुधारू लागतो, हे इथल्या तालमींनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय. फुटबॉलचे वस्ताद याच पट्ट्यात दिसले ते म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या या स्टेडियमवर पुढे पुणे एफसीचे आय-लीग सामने होऊ लागले. मुंबईतलं कूपरेज दुरुस्तीसाठी बंद झालं तेव्हा मुंबई एफसीही इथेच खेळायला आला. एका बाजूला पुण्याचा प्रशिक्षक डेरिक परेरा, दुसऱ्या बाजूला मुंबईचा खालिद जमील. त्या दिवसांत या लढतीला प्रेक्षक ‘महा डर्बी’ म्हणत आणि पुण्याचे पाठीराखे स्टँड दणाणून सोडत.

डेरिक मूळचा गोव्याचा, साळगावकर संघाचा बचावपटू. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असे लागोपाठ दोन फेडरेशन कप जिंकले, त्या पिढीतला. स्टॉपरच्या जागेवर खेळणाऱ्याच्या वाट्याला टाळ्या कमी येतात, पण सगळं मैदान त्याच्या समोर पसरलेलं असतं. कोण थकलाय, कुणाची जागा सुटलीय, पुढचा पास कुठे जाणार, हे त्याला सतत वाचावं लागतं. प्रशिक्षकाच्या नजरेची ही चांगली तयारी असते. पण नजर तयार असली म्हणून शिकवता येतंच असं नाही, आणि मोठमोठे खेळाडू नेमके इथेच अडखळतात.

एक साधी गोष्ट घ्या. चेंडू विंगरच्या पायात आहे आणि आपला स्टॉपर गोलसमोर उभा आहे. नवखा मुलगा छाती चेंडूकडे करून सरळ उभा राहतो. त्याच्या पाठीमागून स्ट्रायकर कधी सटकला हे त्याला कळतही नाही. मुरलेला बचावपटू अर्धा वळून उभा असतो: एक खांदा चेंडूकडे, कंबर मोकळी, वजन चवड्यांवर, आणि मान सतत फिरती. क्रॉस आला की त्याचं पहिलं पाऊल अडत नाही. खेळताना हे त्याने कधी ठरवून केलेलं नसतं, शरीरच ते करत आलेलं असतं. प्रशिक्षक झाल्यावर मात्र त्याला शरीराला ठाऊक असलेलं सगळं सुटं करून बोलावं लागतं. आधी खांदा, मग कंबर, मग मान. आणि ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द गिळून टाकावे लागतात.

डेरिकला हे जमलं. त्याच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. त्या संघातल्या खालिद जमील या मिडफिल्डरची कारकीर्द दुखापतींनी पोखरली होती. कुवेतमध्ये जन्मलेला आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेला खालिद पुढे मुंबई एफसीकडे गेला आणि २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. कालपर्यंत ज्यांच्यासोबत एका ड्रेसिंग रूममध्ये बूट बांधले, त्यांनाच आज संघाबाहेर बसवायचं, हे या धंद्यातलं सर्वांत कडू काम त्याला पहिल्याच दिवशी करावं लागलं असणार.

केरळातल्या कोंडोट्टीचा बचावपटू अनस एडथोडिका या दोघांच्याही हाताखालून गेला. आधी मुंबई एफसी, २०११ पासून पुणे एफसी. भारताकडून तो पहिल्यांदा खेळला २०१७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. बचावपटू उशिरा पिकतो. तोवर त्याच्यावर भरवसा ठेवणारं कुणीतरी लागतं.

२०१२-१३ च्या हंगामात डेरिकच्या पुणे एफसीने आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरं स्थान मिळवलं. पुण्याच्या फुटबॉलसाठी तो मोठा दिवस होता. पण महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता. पुणे एफसीचा कारभार २०१५ मध्ये आटोपला. नंतर बालेवाडीत आयएसएल खेळणारा एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये संपला. महाराष्ट्रात संघ उभे राहतात आणि पोरं वयात येण्याआधी मोडतात, याचं दुःख मैदानावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्या मोडतोडीतून जे वाचलं, ते माणसांनी स्वतःबरोबर नेलं.

खालिदचंच पाहा. २०१६ मध्ये त्याची मुंबई एफसीतली सात वर्षं संपली. तो मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेला आणि मुंबईचे जयेश राणे व आशुतोष मेहताही त्या संघात होते. एप्रिल २०१७ मध्ये घरच्या मैदानावर मोहन बागानविरुद्ध गोल होता होईना, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूने हेडर मारून सामना जिंकून दिला. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ बरोबरी झाली आणि ३७ गुणांसह आयझॉल विजेता ठरला. बागान ३६ वर राहिला. ईशान्य भारतातला हा पहिला राष्ट्रीय लीग विजेता. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला.

खालिदचा खेळ रुक्ष आहे, अशी टीका होते. ती पटण्यासारखी नाही. महागडे आक्रमक परवडत नसलेल्या संघाने कॉर्नर, फ्रीकिक आणि लांब थ्रो यांवर तासन्‌तास घाम गाळणं ही अक्कल आहे. आपल्या हातात काय आहे हे ओळखून त्यातून सामना काढणं, यालाच प्रशिक्षण म्हणायचं.

डेरिक पुढे एफसी गोवाचा टेक्निकल डायरेक्टर झाला. डिसेंबर २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर सोडून गेल्यावर त्याने संघ हाती घेतला. पडत्या काळात बोलावणं येणं भारतीय प्रशिक्षकाच्या पाचवीला पुजलेलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. साविओ मदेरानंतर, म्हणजे तेरा वर्षांनी, हे पद भारतीय माणसाकडे आलं. पहिला सामना एका स्पर्धेत ताजिकिस्तानशी, त्यांच्याच हिसोर शहरात. भारत २-१ ने जिंकला. पहिला गोल मुहम्मद उवैसच्या लांब थ्रोवर अन्वर अलीने केला, दुसरा संदेश झिंगनने. दोघेही बचावपटू. त्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने १-२ असं हरवलं आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. टीका सगळी खालिदवर आली, आणि ती त्याने झेलली.

हिसोरला गेलेल्या संघात राहुल भेकेही होता. मुंबईचा हा बचावपटू २०११ पासून मुंबई एफसीत खालिदच्याच हाताखाली तयार झाला होता. ज्या क्लबने त्याला घडवलं, तो आज शिल्लक नाही.