बॅन झालेला आयडी आणि कलम १७

माझा आयडी बॅन झाला तो योग्यच झाला. मी हॅक वापरला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतरचे कित्येक महिने मी हे सोडून बाकी सगळं बोलत होतो, आणि त्या कामाला एक चांगला कायदा जुंपला होता.

मी जर्मनीत मास्टर्स करत होतो. माझी संध्याकाळ म्हणजे कोल्हापूरची रात्र. मामी झोपली की मामेभाऊ ऑनलाइन यायचा आणि आम्ही शूटिंगचा एक गेम खेळायचो. रँक वर सरकेना, म्हणून मी वॉलहॅक विकत घेतला. गेमच्या मेमरीतून विरोधी खेळाडूंच्या जागा वाचायच्या आणि भिंतीपलीकडची माणसं पडद्यावर चौकटीत दाखवायची, एवढंच त्याचं काम. सोबतच्या सूचना दोन: अँटिव्हायरस बंद करा, प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. दोन्ही मुकाट पाळल्या.

हॅक पकडला गेला तरी बॅन लगेच येतोच असं नाही. कंपन्या बऱ्याचदा थांबतात आणि बरेच आयडी एकदम उडवतात, म्हणजे नेमकं कशावरून सापडलं हे हॅक बनवणाऱ्याला कळत नाही. तेवढ्या अवधीत मी स्वतःला फार हुशार समजत होतो. मग माझाही नंबर लागला. अपिलात लिहिलं, ‘त्या दिवसांत लॅपटॉप रूममेट वापरत होता.’ अपील फेटाळलं गेलं. नवा आयडी काढला, तोही उडाला, कारण बॅन आता मदरबोर्ड आणि डिस्कच्या ओळखक्रमांकांवर होता.

तेव्हा कुठे मला कायदा आठवला. युरोपात २५ मे २०१८पासून जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्याच्या कलम १७नुसार आपली माहिती पुसून टाका असं सांगता येतं. माझ्याशी जोडलेले हार्डवेअरचे क्रमांक ही वैयक्तिक माहितीच. ती पुसली की बॅन गेला, असं माझं गणित. जोडीला कलम २२ लावलं: गंभीर परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतलेला नको. पत्र असं रुबाबदार झालं की पाठवण्याआधी मित्रांना वाचून दाखवलं.

कायद्याने दिलेल्या एका महिन्याच्या आत उत्तर आलं. खातं पुसू, बॅनची नोंद ठेवू. यंत्राने दाखवलेल्या खुणा माणसाने तपासल्या होत्या, म्हणून कलम २२ लागू नाही. मी कलम १७ अर्धंच वाचलं होतं. माहितीची गरज संपली किंवा ती ठेवायला सबळ कारण उरलं नाही, तर हा हक्क मिळतो. बॅन झालेल्या माणसाला परत येऊ द्यायचं नसेल, तर ती नोंद लागतेच. फसवणूक रोखणं हे माहिती ठेवण्याचं रास्त कारण असू शकतं, असं जीडीपीआरच्या प्रस्तावनेच्या ४७व्या परिच्छेदात सरळ लिहिलं आहे. तिथवर मी पोचलोच नव्हतो.

मग चिडून कलम १५खाली माझ्याबद्दलची सगळी माहिती मागवली. आली. हॅक कसा पकडला ते त्यात नव्हतं. बाकी बरंच होतं. लॉगिनच्या वेळा, उपकरणं, चॅट. हरलेल्या प्रत्येक सामन्यानंतर मी समोरच्याला ‘हॅकर’ म्हटलं होतं. रूममेटकडे लॅपटॉप असल्याच्या रात्री मी मामेभावाला मराठीत लिहीत होतो, ‘भिंतीमागे दोघं आहेत, थांब.’ माझ्या खोट्याचा पुरावा मी हक्काने मागवून घेतला होता.

त्या कागदांवरून नजर हटली तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. कंपनीला मी कलमं ऐकवत होतो, आणि ज्या हॅकविक्याला पत्ता नाही, गोपनीयतेचं धोरण नाही, त्याच्या हाती अख्खा लॅपटॉप दिला होता. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, पासपोर्टची स्कॅन, बँकेचं लॉगिन. त्याने काय नेलं हे विचारायला कलम आहे, पण पत्र पाठवायचं कुठे? मी लॅपटॉप फॉरमॅट केला, पासवर्ड बदलले. हे पहिल्याच दिवशी करायचं होतं.

एवढ्यात मामेभावाचा आयडी निलंबित झाला. कारण: हॅक वापरणाऱ्याबरोबर सतत खेळणं. “दादा, तुला कायदा कळतो. माझं पत्र लिहून दे ना.” मी भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काढला. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचा आहे. शिवाय मामेभाऊ अठराच्या आतला, म्हणजे त्याच्या वतीने मामांनी बोलायचं. आणि या कायद्याचं कलम १५ मागणाऱ्यावरही बंधन घालतं: तोतयेगिरी नको, खोटी तक्रार नको, मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड. ते वाचून रूममेटवाल्या अपिलाची आठवण झाली.

पत्र लिहिलं, पण माझ्या नावाने. हॅक माझा होता, त्याला ठाऊक नव्हतं. पाठवण्याआधी ते त्याला वाचायला दिलं. निलंबन उठलं नाही. मुदत संपल्यावर आपोआप संपलं. मामेभाऊ आता दुसऱ्या स्क्वॉडमध्ये खेळतो. त्याविरुद्ध अपील करायला मी कुठलंही कलम शोधलेलं नाही.