घरची सुटी

न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत मुलांना मंगेशीस नेण्याचे वचन यंदा मी मोडले. एका अशिलाचे काम आडवे आले. धाकटीने अबोला धरला. मग एके सकाळी उन्हे चढण्यापूर्वी आम्ही तिघे वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंहांच्या सम्राट यंत्रावरील सावली माझ्या घड्याळाहून वीस-पंचवीस मिनिटे मागे! ‘बाबा, यंत्र बिघडलंय,’ थोरला म्हणाला. यंत्र उज्जयिनीची वेळ दाखविते, घड्याळ साऱ्या देशाची, हे मी वकिली थाटात पटविले.

परतताना महाकालाचे दर्शन घेतले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी हे देवालय पुन्हा उभारले. त्यांच्याच शब्दावरून १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशास दिला, असे मी सांगितले.

धाकटी प्रथमच बोलली. ‘मग आपण कधी जायचं?’

मी पुढची तारीख मागितली.