पेलिऑनचा भाला

ग्रीक योद्धा अकिलीस याच्याऐवजी त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस लढाईला निघाला तेव्हा त्याने अकिलीसचं जवळजवळ सगळं अंगावर चढवलं. पोटऱ्यांवर रुपेरी चापांची कवचं, छातीवर ताऱ्यांसारखं चमकणारं चिलखत, चांदीच्या खिळ्यांची तलवार, जाडजूड ढाल, घोड्याच्या केसांचा तुरा असलेलं शिरस्त्राण. अकिलीसचा रथ आणि त्याचे अमर घोडेही त्याला मिळाले. भाल्यांशी आल्यावर मात्र त्याने हाताला बसतील असे दोन भाले उचलले. अकिलीसचा तो मोठा भाला त्याने घेतला नाही.

ट्रॉयच्या समुद्रकिनाऱ्यावर त्या वेळी ग्रीकांचं एक जहाज पेटलेलं होतं. एकेक क्षण मोलाचा. तरीही ‘इलियड’च्या १६व्या सर्गात होमर इथे पाऊल थांबवतो आणि न नेलेल्या या भाल्यावर चार ओळी खर्च करतो. भाला जड, लांब, दणकट. दुसऱ्या कुणाही ग्रीकाला तो परजता येत नसे, ते एकट्या अकिलीसला जमे. पेलिऑन पर्वताच्या माथ्यावरचं ते लाकूड, आणि कायरॉनने ते अकिलीसच्या बापाला दिलेलं. मला ‘इलियड’मधली ही जागा फार जवळची वाटते. जे बरोबर गेलं नाही त्याच्याकडे वळून बघायला कवीला धगधगत्या आगीतही सवड आहे.

भाल्याचं घराणं बघा. पेलिऑन हा थेसलीतला डोंगर, आजच्या व्होलोस शहराच्या डोक्यावरचा. त्याच्या उतारांवरच्या रानात ॲशची झाडं होती. ग्रीकमध्ये या झाडाला ‘मेलिया’ म्हणतात. सरळ रेषांचं, चिवट, धक्का खाऊन न तडकणारं लाकूड. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धामणीला जो मान, तो तिकडे या झाडाला. त्याच डोंगरावर कायरॉन राहायचा. कमरेवर माणूस आणि खाली घोडा असलेल्या सेंटॉर जातीतला हा सगळ्यात सुज्ञ, न्यायी जीव. त्याने ते झाड तोडलं, अथीना देवीने दांडा घासून गुळगुळीत केला आणि देवांचा लोहार हेफेस्टस याने त्याला फाळ बसवला, अशी एक जुनी कथा आहे. राजा पेलेउस आणि सागरकन्या थेटिस या अकिलीसच्या आईबापांच्या लग्नात कायरॉनने हा भाला नवऱ्यामुलाला दिला. देवांनी दिलेलं चिलखत आणि पोसायडनने दिलेले घोडे हेही त्याच लग्नातले अहेर. आणि ज्या सोनेरी सफरचंदावरून तीन देवी भांडल्या, ज्या भांडणातून पुढे ट्रॉयचं युद्ध पेटलं, ते सफरचंद कलहाची देवी एरिस हिने टाकलं तेही याच मांडवात. युद्धाचं बी आणि युद्धातला सगळ्यात भयंकर भाला असे एकाच दिवशी एका घरात आले.

डोंगर पेलिऑन, बाप पेलेउस, आणि शस्त्र परजणं या अर्थाचं ग्रीक क्रियापद ‘पाल्लेइन’. होमरच्या त्या ओळींत, बापाचं नाव न उच्चारताही, या तिन्हींचे नाद एकमेकांवर आपटत, घुमत जातात. मराठी वाचकाच्या कानात त्यात चौथा नाद मिसळतो: पेलणं. हा नुसता नादाचा योगायोग, दोन शब्दांचं काही नातं नाही. पण जो भाला एकालाच पेलतो त्याच्याबद्दल मराठीत लिहिताना हा शब्द आपणहून हाताशी येतो, आणि मला त्याचा आनंद होतो.

कायरॉनची आणखी एक ओळख आहे, आणि भाल्याचा स्वभाव कळायला ती फार महत्त्वाची. तो वैद्य होता. झाडपाल्याची विद्या त्याने अकिलीसला दिली, अकिलीसने ती पॅट्रोक्लसला शिकवली. ११व्या सर्गात पॅट्रोक्लस एका जखमी सोबत्याच्या मांडीतला बाण कापून काढतो आणि कडू मुळी हातावर चोळून जखमेत भरतो, ती हीच विद्या. वैद्याच्या हातून आलेल्या भाल्यात नुसतं मारणं कसं असेल?

हा भाला बरंही करतो हे दाखवणारी टेलेफसची गोष्ट होमर सांगत नाही, ती इतर कथांमधून येते. ट्रॉयला निघालेले ग्रीक वाट चुकून मिसिया देशात उतरले आणि तेच ट्रॉय समजून तुटून पडले. तिथला राजा टेलेफस हा हेराक्लिसचा मुलगा. लढता लढता द्राक्षाच्या वेलीत पाय अडकून तो पडला आणि अकिलीसचा भाला त्याच्या मांडीत घुसला. जखम काही केल्या भरेना. अपोलोचा कौल मिळाला की ज्याने जखम केली तोच ती बरी करील. राजा चिंध्या पांघरून, लंगडत, शत्रूच्या दाराशी आला. कौलाचा अर्थ ग्रीकांमधल्या चतुर ओडिसियसने लावला: जखम केली ती भाल्याने, तेव्हा औषधही भाल्याकडेच. मग फाळावरचा गंज खरवडून जखमेत घातला आणि ती भरून आली. बऱ्या झालेल्या टेलेफसनेच ग्रीकांना ट्रॉयची वाट दाखवली.

या गंजाबद्दल रोमन लेखक प्लिनीने गंभीरपणे लिहिलं आहे. तांब्याचा हिरवा गंज मलमांना उपयोगी असतो हा शोध काही लोक अकिलीसच्या नावावर मांडतात, आणि तलवारीने फाळावरचा गंज टेलेफसच्या जखमेत पाडणारा अकिलीस चित्रांत दिसतो, असं तो सांगतो. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसने गाडलेल्या हर्क्युलेनियममध्ये या प्रसंगाचं संगमरवरी शिल्प सापडलं. ते ज्या घरात होतं ते घर आज टेलेफसच्या नावानेच ओळखलं जातं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, ते तोंडाला लावायचं नाही, हे आपल्याकडे घरोघर माहीत असतं. त्याच हिरव्या विषाला भाल्याच्या टोकावर औषधाचा गुण आला. फाळ काशाचा होता याला दुसरीकडूनही दुजोरा आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पॉसेनियस लिहितो की अकिलीसचा भाला फासेलिस इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अथीनेच्या देवळात ठेवलेला आहे; त्याचा फाळ आणि बुडाची टोपी काशाची आहे. वीरांच्या काळात सगळी शस्त्रं काशाची असत, हे पटवायला त्याने हा दाखला दिला.

पुन्हा ट्रॉयकडे. पॅट्रोक्लसने नेलेला भाला त्याच्या हातातच मोडून पडला. अपोलोने त्याला पाठीमागून तडाखा दिला, शिरस्त्राण धुळीत गडगडलं, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याने त्याला मारलं आणि ते चिलखत स्वतःच्या अंगावर चढवलं. होमर सांगतो की झ्यूसने मान हलवली आणि चिलखत हेक्टरला नीट बसलं. चिलखत असं कुणाच्याही अंगाला बसतं. मित्राला बसलं, शत्रूलाही बसलं. भाल्याने असं कधी केलं नाही.

म्हणून हेफेस्टसने अकिलीससाठी रात्रीत नवी ढाल, नवं चिलखत, नवं शिरस्त्राण, पोटऱ्यांची कवचं घडवली, पण भाला घडवला नाही. त्याची गरजच नव्हती. १९व्या सर्गात सगळं नवंकोरं अंगावर घातल्यावर अकिलीस बापाचा भाला त्याच्या म्यानातून ओढून काढतो, आणि होमर १६व्या सर्गातल्या त्याच चार ओळी शब्दही न बदलता पुन्हा म्हणतो. पहिल्यांदा त्या मागे राहिलेल्या भाल्याच्या होत्या, आता हातात आलेल्या. मधल्या वेळात पॅट्रोक्लस गेलेला असतो.

त्यानंतर हा भाला कितीदा तरी हातातून सुटतो. ट्रॉयच्या बाजूच्या एनियसवर फेकला तेव्हा तो ढालीतून आरपार गेला, पण एनियस वाकल्यामुळे वाचला. पोसायडनने ढालीतून भाला उपसून अकिलीसच्या पायांशी आणून ठेवला. स्कामँडर नदीत उडी घेताना अकिलीसने तो काठावरच्या झाऊच्या झुडपांना टेकवून ठेवला. आणि मग अस्टेरोपेऊसचा प्रसंग, जो मी नेहमी सावकाश वाचतो.

अस्टेरोपेऊस हा ट्रॉयच्या बाजूने लढणारा, एका नदीचा नातू, आणि दोन्ही हातांनी भाले फेकणारा. त्याने एकदम दोन भाले फेकले. एक ढालीवर अडला, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला चाटून गेला आणि रक्त आलं. ‘इलियड’मध्ये अकिलीसचं रक्त काढणारा हा एकच. अकिलीसने भाला फेकला, तो चुकला आणि नदीच्या उंच काठात अर्ध्यापर्यंत रुतला. अकिलीस तलवार उपसून धावत येतोय आणि अस्टेरोपेऊसच्या जवळ शस्त्र उरलेलं नाही. तो समोरच्या भाल्याला दोन्ही हात घालतो. तीनदा हिसडे देतो, तीनदा हात सोडतो. चौथ्यांदा तो वाकवून मोडायला बघतो. तेवढ्यात तलवार पोटात जाते. अकिलीस मग तोच भाला काठातून सहज उपसून घेतो आणि पुढे जातो. पाण्यात पडलेल्या त्या शूर माणसाभोवती वाम आणि मासे जमतात. त्याने इतका जोर लावला, पण लाकडाने ओळख दिली नाही.

शेवटी हेक्टर. अकिलीसची पहिली फेक त्याने बसून चुकवली, भाला डोक्यावरून जाऊन मागे जमिनीत रुतला. अथीनेने तो हेक्टरच्या नकळत उचलून अकिलीसला परत दिला. हेक्टरने फेकलेला भाला ढालीवरून उडाला, आणि दुसरा आणून द्यायला त्याच्या मागे कुणी नव्हतं. रात्रीच्या अंधारात शुक्राची चांदणी चमकावी तसा अकिलीसच्या हातातला फाळ चमकत होता. तो हेक्टरच्या अंगावर जागा शोधत होता. हेक्टरच्या अंगावर होतं ते अकिलीसचंच चिलखत, पेलेउसच्या लग्नात देवांनी दिलेलं. ते सगळीकडून पक्कं होतं. मानेला गळपट्टीची हाडं मिळतात तेवढीच जागा उघडी होती. एका मांडवातले दोन अहेर इतक्या वर्षांनी तिथे समोरासमोर आले. भाला त्या फटीतून मानेत गेला. काशाच्या जड फाळाने श्वासनलिका मात्र कापली नाही, त्यामुळे हेक्टरला शेवटचं बोलता आलं: माझं प्रेत आईबापांकडे दे.

तो गेल्यावर अकिलीसने भाला उपसला, बाजूला ठेवला, आणि बापाचं चिलखत रक्ताने भरलेल्या खांद्यांवरून उतरवायला घेतलं.